रिग्रेशनमधली कॅटेगॉरिकल व्हेरिएबल्स: हा आकडा कोणाच्या तुलनेत?

रिग्रेशन शिकताना पहिली उदाहरणं आकड्यांचीच असतात. उंचीवरून वजन, क्षेत्रफळावरून घराची किंमत. मग स्वतःच्या प्रबंधाचा किंवा कामाचा डेटा हातात येतो आणि त्यातले निम्मे रकाने जिल्हा, शिक्षण, पिकाचं वाण, रक्तगट, औषधाचा प्रकार असे निघतात. ही कॅटेगॉरिकल व्हेरिएबल्स. सॉफ्टवेअर त्यांनाही मुकाट्यानं घेतं, सहगुणक (कोइफिशंट) काढतं, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही योगायोगानं निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता) छापतं. छापलेलं नीट वाचायचं तर प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी लागते: तू कोणाच्या तुलनेत आहेस? खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती आहेत.

एक सूचना आधीच. आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

हाताशी घ्यायचं उदाहरण

आर हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात सरावासाठी काही डेटासेट आयते मिळतात. त्यातला 'प्लँटग्रोथ' घ्या. एकूण ३० रोपं, प्रत्येकी १० रोपांचे तीन गट, आणि प्रत्येक रोपाचं वाळवल्यानंतरचं वजन. एका गटाला काहीच दिलेलं नाही, तो कंट्रोल. बाकी दोन गटांना वेगवेगळे उपचार दिले आहेत. गटांची सरासरी वजनं अशी:

कंट्रोल: ५.०३२
उपचार १: ४.६६१
उपचार २: ५.५२६

ही तीन सरासऱ्यांची यादी कागदावर लिहून जवळ ठेवा. रिग्रेशनचा निकाल पुढे कितीही रूपं बदलून समोर आला तरी तो याच तीन आकड्यांपासून बनलेला असेल, आणि तुम्ही दर वेळी पडताळून पाहू शकाल.

पायरी १: आकडा दिसला म्हणून तो आकडा मानू नका

समजा, कुणीतरी वरचे गट १, २, ३ असे नोंदवले आणि तुम्ही तो रकाना तसाच रिग्रेशनमध्ये टाकला. सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही. ते एक सरळ रेषा काढेल: इंटरसेप्ट (कोड शून्य असताना रेषेची किंमत) ४.५७९ आणि उतार ०.२४७. म्हणजे कंट्रोलसाठी अंदाज ४.८२६, उपचार १ साठी ५.०७३ आणि उपचार २ साठी ५.३२०. आता कागदावरची यादी बघा. उपचार १ ची रोपं प्रत्यक्षात सगळ्यांत हलकी आहेत, आणि हे मॉडेल त्यांना कंट्रोलपेक्षा वजनदार ठरवतंय. कोड चढत्या क्रमानं दिले म्हणून वजनही चढत्या क्रमानं वाढतं, असं आपणच नकळत मॉडेलला सांगून बसलो.

आपल्याकडच्या सर्वेक्षणांच्या फायलींमध्ये हा धोका पदोपदी असतो. २०११ च्या जनगणनेच्या संकेतांकांत महाराष्ट्र २७ आणि गोवा ३०. या दोन आकड्यांतल्या तीनच्या फरकाला काहीही अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फायलींत शिक्षणाचा रकाना ० ते ३ अशा कोडमध्ये येतो: शिक्षण नाही, प्राथमिक, माध्यमिक, उच्च. इथे क्रम खरा आहे, पण दर पायरीतलं अंतर सारखंच आहे असं कोणी सांगितलं? त्यातच कितीतरी फायलींत 'माहिती नाही' यासाठी ९, ९८ किंवा ९९ टाकलेलं असतं. तो कोड आकडा म्हणून आत गेला, तर उत्तर न देणारी माणसं मॉडेलच्या लेखी सर्वांत जास्त शिकलेली ठरतात.

म्हणून फाईल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे फाईलसोबत आलेलं कोडबुक वाचणं. आणि प्रत्येक रकान्याला विचारायचं, 'याची बेरीज-वजाबाकी केली तर अर्थ लागतो का?' लागत नसेल तर तो कॅटेगॉरिकल.

पायरी २: गटांची मोजदाद

मॉडेलकडे वळण्याआधी प्रत्येक कॅटेगॉरिकल रकान्याची साधी वारंवारता काढा. आरमध्ये 'टेबल', स्टाटामध्ये 'टॅब्युलेट', पायथनच्या पांडाजमध्ये 'व्हॅल्यू काउंट्स', एसपीएसएसमध्ये 'फ्रीक्वेन्सीज'. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि पुढचे कित्येक तास वाचवतं.

मराठीत भरलेल्या डेटासाठी तर ही पायरी फारच महत्त्वाची. 'पुणे' आणि शेवटी रिकामी जागा असलेलं 'पुणे' हे संगणकाला दोन वेगळे गट वाटतात. त्याहून अवघड प्रकार म्हणजे 'कऱ्हाड'. यातला अर्धा र तीन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो: युनिकोडमधल्या 'ऱ' या एकाच अक्षरानं, 'र' आणि खाली नुक्ता जोडून, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही शब्द सारखेच दिसतात. वारंवारतेच्या तक्त्यात मात्र एकाच तालुक्याच्या तीन ओळी येतात, आणि रिग्रेशनमध्ये तीन वेगळे गट तयार होतात. शिवाय कुणी 'कराड' लिहिलेलं असतंच. एकच नाव तक्त्यात दोनदा दिसलं तर डोळ्यांवर नव्हे, मोजणीवर विश्वास ठेवा. मोकळ्या जागा काढून टाका आणि युनिकोड एकरूप करून घ्या. पायथनमध्ये यासाठी 'युनिकोडडेटा' आहे, आरमध्ये 'स्ट्रिंगआय' पॅकेज. मात्र ही साधनं पहिल्या दोन तऱ्हाच एकत्र आणतात. अदृश्य जोडचिन्हाचं रूप आणि 'कराड' ही नावं तुम्हालाच शोधून बदलावी लागतील. नवा फॉर्म तयार करत असाल तर नाव टाइप करायला लावूच नका, यादीतून निवडायला लावा.

याच तक्त्यात कोणत्या गटात किती नोंदी आहेत तेही दिसतं. दोन-तीनच नोंदी असलेल्या गटावर इथेच खूण करून ठेवा. त्याच्याकडे पुढे परत यायचं आहे.

पायरी ३: सॉफ्टवेअरला स्पष्ट सांगा

प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत वेगळी आहे.

आरमध्ये रकान्याचं रूपांतर 'फॅक्टर' या फंक्शननं करा. अक्षरांतला रकाना 'एलएम' ही रिग्रेशनची आज्ञा स्वतःहून फॅक्टर मानते, आकडी कोड मात्र मानत नाही. एक जुना घोळही माहीत असू द्या. आरची ४.०.० ही आवृत्ती २०२० साली आली, तेव्हापासून फाईल वाचताना अक्षरांचे रकाने आपोआप फॅक्टर होणं बंद झालं. त्याआधीची ट्यूटोरिअल वाचत असाल तर तिथलं वर्तन तुमच्या पडद्यावर दिसणार नाही.

स्टाटामध्ये व्हेरिएबलच्या नावाआधी 'आय' आणि टिंब लावलं की ते गट म्हणून घेतलं जातं. नावं अक्षरांत असतील तर आधी 'एनकोड' करावं लागतं. आणि कोड शून्य किंवा धन पूर्णांकच हवेत, ०.५ सारखा कोड चालत नाही.

एसपीएसएसमध्ये नवशिके नेहमी इथे अडतात: नेहमीच्या 'लिनिअर रिग्रेशन'च्या खिडकीत कॅटेगॉरिकल व्हेरिएबलसाठी वेगळी जागाच नाही. तिथे कोड टाकले की ते आकडेच समजले जातात. एकतर डमी रकाने (गटांसाठीचे ०-१ चे रकाने, पायरी ४ बघा) आधी तयार करून घ्या, नाहीतर 'जनरल लिनिअर मॉडेल'मधल्या 'युनिव्हेरिएट'मध्ये जा आणि व्हेरिएबल 'फिक्स्ड फॅक्टर्स'च्या चौकटीत टाका. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. फक्त 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'पॅरामीटर एस्टिमेट्स'वर खूण करायला विसरू नका, नाहीतर सहगुणक छापलेच जात नाहीत.

सास (एसएएस) या सॉफ्टवेअरमध्येही तसंच: 'प्रॉक रेग' गट ओळखत नाही, 'प्रॉक जीएलएम' आणि त्यातलं 'क्लास' विधान वापरा. पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समध्ये सूत्र लिहिताना नाव मोठ्या 'सी'च्या कंसात घाला. मोफत आणि माउसनं चालणारं काही हवं असेल तर जामोवी उत्तम आहे. तिथे आकडी व्हेरिएबल 'कोव्हेरिएट्स'मध्ये आणि गटांची 'फॅक्टर्स'मध्ये जातात, आणि संदर्भगट (ज्याच्याशी बाकीचे गट तोलले जातात तो गट) निवडायची यादीही तिथेच खाली मिळते. एक्सेलमध्ये डमी रकाने हातानंच बनवावे लागतात. एकदा शिकण्यासाठी तसं जरूर करा.

पायरी ४: आत काय घडतं ते एकदा हातानं करून बघा

तीन गटांसाठी सॉफ्टवेअर दोन नवे रकाने तयार करतं. पहिल्यात उपचार १ असेल तर १, नाहीतर ०. दुसऱ्यात उपचार २ असेल तर १, नाहीतर ०. कंट्रोलच्या रोपांना दोन्ही रकान्यांत शून्य. हेच डमी व्हेरिएबल. आरमध्ये 'मॉडेल मॅट्रिक्स' ही आज्ञा दिली की हे रकाने डोळ्यांसमोर येतात.

तिसरा रकाना का नाही? कारण तिन्ही डमींची बेरीज प्रत्येक ओळीत १ येते, आणि इंटरसेप्टचा रकानाही सगळा १ चाच असतो. तीच माहिती दोनदा दिली की एकच एक उत्तर राहत नाही. आर अशा वेळी एका सहगुणकापुढे 'एनए' छापतं, स्टाटा एक रकाना वगळल्याचं सांगतं. पायथनमध्ये मात्र सावध राहा. पांडाजचं 'गेट डमीज' न सांगितल्यास सगळे रकाने ठेवतं, आणि स्टॅट्समॉडेल्स किंवा सायकिट-लर्न दोन्ही न थांबता काहीतरी उत्तर काढतात. 'ड्रॉप फर्स्ट' हा पर्याय स्वतः चालू करावा लागतो. पांडाजच्या २.० आवृत्तीपासून हे डमी ०-१ ऐवजी खरं-खोटं या रूपात येतात, त्यामुळे जुना कोड स्टॅट्समॉडेल्समध्ये अडकला तर तिथे आधी बघा.

आता 'प्लँटग्रोथ'चा निकाल:

इंटरसेप्ट: ५.०३२
उपचार १: −०.३७१
उपचार २: +०.४९४

कागदावरची यादी घ्या. ५.०३२ ही कंट्रोलची सरासरी. ४.६६१ वजा ५.०३२ म्हणजे −०.३७१. ५.५२६ वजा ५.०३२ म्हणजे ०.४९४. ज्या गटाचं नाव निकालात कुठेच दिसत नाही तो संदर्भगट, आणि तो इंटरसेप्टमध्ये बसलेला आहे. 'माझा कंट्रोल गट निकालातून गायब झाला' अशी धास्ती घेण्याचं कारण नाही. बाकीचे दोन्ही आकडे त्याच्यापासूनच मोजलेले आहेत.

मॉडेलमध्ये आणखी व्हेरिएबल असतील तर अर्थ थोडा बदलतो. मग सहगुणक म्हणजे बाकी सगळं सारखं असताना त्या गटाचा आणि संदर्भगटाचा फरक. इंटरसेप्टही तेव्हा साधी सरासरी राहत नाही. आकडी व्हेरिएबल्सची किंमत शून्य असताना संदर्भगटाचा अंदाज काय, एवढंच तो सांगतो.

पायरी ५: संदर्भगट तुम्ही निवडा

तुम्ही निवडला नाही तर सॉफ्टवेअर निवडतं, आणि त्याची निवड विषयाचा विचार करून होत नाही. आर आणि स्टॅट्समॉडेल्स साधारणपणे वर्णानुक्रमातला पहिला गट घेतात, स्टाटा सर्वांत लहान कोड घेतं. एसपीएसएसचं 'युनिव्हेरिएट' आणि सासचं 'प्रॉक जीएलएम' शेवटचा गट घेतात. त्यामुळे आपलाच डेटा एसपीएसएसमध्ये टाकला तर इंटरसेप्ट ५.५२६ येतो, कंट्रोलपुढे −०.४९४ आणि उपचार १ पुढे −०.८६५. मार्गदर्शक एसपीएसएसवर, विद्यार्थी आरवर, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळ, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. दोघंही बरोबर असतात.

कळसूबाईची उंची समुद्रसपाटीपासून मोजली तर १,६४६ मीटर, साल्हेरची १,५६७ मीटर. मोजणीचा शून्य कुठेही नेऊन ठेवा, दोन्ही शिखरांतला ७९ मीटरचा फरक तोच राहतो. संदर्भगट बदलल्यानं मॉडेल बदलत नाही. अंदाज, आर-स्क्वेअर, उरलेली चूक, सगळं तसंच राहतं. बदलतं ते फक्त कोणता फरक थेट छापला जातो ते.

मग निवडायचा कसा? प्रश्नाकडे बघा. कंट्रोल, जुनी पद्धत, उपचार नसलेला गट असेल तर तोच घ्या. तसा नैसर्गिक उमेदवार नसेल तर ज्यात भरपूर नोंदी आहेत असा गट घ्या. सात नोंदींचा गट संदर्भ केला तर प्रत्येक तुलनेत त्या सात नोंदींची अनिश्चितता मिसळते आणि सगळ्याच ओळींचे स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता दाखवणारे आकडे) फुगतात. 'इतर' हा गट शक्यतो संदर्भ करू नये. 'इतरांच्या तुलनेत' या शब्दांवरून वाचकाला काहीच कळत नाही.

बदलण्याची रीत: आरमध्ये 'रीलेव्हल', स्टाटामध्ये 'आय'नंतर 'बी' आणि गटाचा कोड, स्टॅट्समॉडेल्समध्ये 'सी'च्या कंसात 'ट्रीटमेंट' लिहून संदर्भाचं नाव. एसपीएसएसच्या 'युनिव्हेरिएट'मध्ये सरळ मार्ग म्हणजे कोड असे बदलणं, की हवा तो गट शेवटी येईल.

पायरी ६: पूर्ण व्हेरिएबलची एकच परीक्षा

या लेखातून एकच पायरी सोबत न्यायची असेल तर ही न्या, कारण इथली चूक प्रबंधांत आणि अहवालांत सर्रास दिसते.

आपल्या निकालात उपचार १ ची पी-व्हॅल्यू ०.१९४ आहे आणि उपचार २ ची ०.०८८. दोन्ही ०.०५ च्या वर. हे बघून अनेक जण लिहितात, 'उपचाराचा वजनावर परिणाम आढळला नाही', आणि व्हेरिएबल मॉडेलमधून काढून टाकतात. आता तोच डेटा घेऊन संदर्भगट उपचार १ करा. उपचार २ चा सहगुणक +०.८६५ होतो आणि त्याची पी-व्हॅल्यू ०.००४५. एका आज्ञेसरशी 'परिणाम नाही' चं 'ठळक परिणाम' झालं, डेटाचा एक आकडाही न बदलता.

यात काही गूढ नाही. पहिल्या निकालानं कंट्रोलशी दोन तुलना दाखवल्या. सर्वांत मोठा फरक उपचार १ आणि उपचार २ यांच्यात होता, आणि ती तुलना तिथे छापलेलीच नव्हती. म्हणून 'गटागटांत फरक आहे का?' हा प्रश्न ओळीओळीच्या पी-व्हॅल्यूंना विचारायचा नाही. त्यासाठी सगळ्या डमींची एकत्र एफ-चाचणी करायची. इथे ती २ आणि २७ स्वातंत्र्यांशांवर (डिग्रीज ऑफ फ्रीडम) ४.८५ येते, पी-व्हॅल्यू ०.०१६. संदर्भगट कोणताही ठेवा, हा आकडा हलत नाही.

आरमध्ये यासाठी 'ड्रॉप१' ही आज्ञा एफ-चाचणीसह द्या. नुसतं 'अनोव्हा' एका मॉडेलवर चालवलं तर व्हेरिएबल्स ज्या क्रमानं लिहिली त्या क्रमानं चाचण्या होतात, आणि गट असमान असतील तर क्रम बदलल्यावर उत्तरही बदलतं. स्टाटामध्ये 'टेस्टपार्म' आहे. एसपीएसएसचं 'युनिव्हेरिएट' ही चाचणी आपणहून देतं, म्हणूनच मी त्या मार्गाकडे झुकतो.

एकत्र चाचणीनंतर नेमके कोणते गट वेगळे, हे हवं असेल तर जोडीजोडीची तुलना करा. पण तीन गटांच्या तीन जोड्या, पाच गटांच्या दहा, आणि जितक्या जास्त तुलना तितकी एखादी योगायोगानं 'यशस्वी' ठरण्याची शक्यता जास्त. टकी यांच्या पद्धतीनं दुरुस्ती केल्यावर उपचार १ आणि २ मधल्या फरकाची पी-व्हॅल्यू ०.००४५ वरून ०.०१२ होते. तीच अहवालात द्या. आरमध्ये 'ईएममीन्स' पॅकेज, स्टाटामध्ये 'पीडब्ल्यूकम्पेअर', एसपीएसएसमध्ये 'पोस्ट हॉक'.

आणि हेही सांगून ठेवतो: एका व्हेरिएबलच्या डमींपैकी 'सिग्निफिकंट' तेवढे ठेवायचे आणि बाकीचे टाकायचे, असं करू नका. टाकलेला गट गुपचूप संदर्भगटात मिसळतो आणि उरलेल्या प्रत्येक सहगुणकाचा अर्थ बदलतो.

पायरी ७: क्रम असलेले गट

आरमधलाच 'टूथग्रोथ' हा डेटासेट घ्या. ६० गिनिपिगांना क जीवनसत्त्व रोज ०.५, १ किंवा २ मिलिग्रॅम दिलं, निम्म्यांना संत्र्याच्या रसातून आणि निम्म्यांना ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणून, आणि दात वाढवणाऱ्या पेशींची लांबी मोजली. गिनिपिग निवडण्याला कारण आहे. माणसाप्रमाणेच त्यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही.

मात्रा हा आकडाच आहे, मग थेट आकडा म्हणून घ्यावा का? घेतला तर उतार ९.७६ येतो, म्हणजे दर मिलिग्रॅमला तेवढी वाढ. गट म्हणून घेतला तर सरासऱ्या दिसतात: १०.६१, १९.७४ आणि २६.१०. ०.५ वरून १ वर जाताना, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमनं, ९.१३ ची वाढ झाली आणि पुढच्या पूर्ण मिलिग्रॅमनं फक्त ६.३७ ची. वाढ मंदावते आहे, सरळ रेषेला ते दिसत नाही. गट करण्याची किंमत एवढीच, की एका सहगुणकाऐवजी दोन लागतात. माझा सल्ला असा: पायऱ्या चार-पाचच असतील तर आधी गट म्हणून बघा, सरासऱ्या जवळपास सरळ रेषेत दिसल्या तर मग आकड्याकडे वळा. उलट वय, उत्पन्न यांसारख्या सलग आकड्यांचे मात्र उगाच गट पाडू नका. त्यात माहिती वाया जाते.

इथे आरचे दोन सापळे आहेत. फॅक्टर झालेली मात्रा परत आकड्यात आणायला थेट 'ॲज न्यूमेरिक' लावलं तर ०.५, १, २ ऐवजी गटांचे अनुक्रमांक १, २, ३ मिळतात, आणि कुठलाही इशारा येत नाही. आधी अक्षरांत बदला, मग आकड्यांत. दुसरा: फॅक्टरला 'ऑर्डर्ड' म्हणून जाहीर केलं की सहगुणकांपुढे 'एल', 'क्यू', 'सी' अशी अक्षरं येतात. ते गटांचे फरक नाहीत. गटांमधला सरळ, एकदा वळणारा आणि दोनदा वळणारा कल, असे ते घटक आहेत. गटांचे फरकच हवे असतील तर साधा फॅक्टर ठेवा.

पायरी ८: दोन व्हेरिएबल्सचा गुणाकार

संत्र्याचा रस की ॲसिड, याचा परिणाम प्रत्येक मात्रेला सारखाच असतो का? सहा सरासऱ्या बघा. रस: १३.२३, २२.७०, २६.०६. ॲसिड: ७.९८, १६.७७, २६.१४. कमी मात्रेत रस पाच-सहा एककांनी पुढे आहे, २ मिलिग्रॅमला दोघं बरोबरीत. यालाच इंटरॅक्शन म्हणतात. आरच्या सूत्रात दोन नावांमध्ये गुणाकाराचं चिन्ह लिहा, स्टाटामध्ये दोन हॅश. स्टाटात इंटरॅक्शनमधल्या आकडी व्हेरिएबलला 'सी' आणि टिंब लावायलाच हवं, नाहीतर स्टाटा त्यालाही गट मानतं.

मात्रा गट म्हणून घेतली असेल तर निकालात ॲसिडपुढे −५.२५ दिसेल. हा 'ॲसिडचा परिणाम' म्हणून लिहायचा मोह होतो. पण विचारा, कोणाच्या तुलनेत आणि कुठे? रसाच्या तुलनेत, आणि फक्त ०.५ मिलिग्रॅमला, कारण मात्रेचा संदर्भगट तो आहे. २ मिलिग्रॅमचा फरक हवा असेल तर −५.२५ मध्ये इंटरॅक्शनचे +५.३३ मिळवा: ०.०८, म्हणजे जवळपास शून्य. इंटरॅक्शन असलेल्या मॉडेलचे सहगुणक तक्त्यातून वाचण्यापेक्षा प्रत्येक गटाचा अंदाज काढून त्याचा आलेख काढणं केव्हाही चांगलं. स्टाटातलं 'मार्जिन्स' आणि आरमधलं 'ईएममीन्स' त्याचसाठी आहेत.

पायरी ९: छोटे गट, फार गट आणि हो-नाहीची उत्तरं

पायरी २ मध्ये खूण केलेल्या छोट्या गटांकडे या. अर्थानं जवळचे गट एकत्र करा, पण निकाल बघण्याआधी. निकाल बघून जुळणी केली की पी-व्हॅल्यूला अर्थ उरत नाही. गट फार असतील, उदाहरणार्थ महाराष्ट्राचे सगळे ३६ जिल्हे, तर ३५ डमी होतात. नोंदी हजारोंनी असतील तर हरकत नाही. कमी असतील आणि जिल्हाजिल्ह्यांतली तुलना हा तुमचा प्रश्न नसेल, तर जिल्ह्याला 'रँडम इफेक्ट' मानणारं मिक्स्ड मॉडेल शिका.

उत्तर हो-नाही असेल तर लॉजिस्टिक रिग्रेशन. तिथेही डमी तेच, संदर्भगट तोच, फक्त सहगुणकाचा घातांक काढला की संदर्भगटाच्या तुलनेतलं ऑड्स रेशो ('हो' आणि 'नाही' यांच्या प्रमाणांचं गुणोत्तर) मिळतं. एखाद्या गटात सगळीच उत्तरं 'हो' असली तर त्या गटाचा सहगुणक अवाढव्य आणि स्टँडर्ड एरर त्याहून अवाढव्य येतो. असं दिसलं की गट आणि उत्तराचा आडवा-उभा तक्ता काढा, एक घर रिकामं सापडेल. सासच्या 'प्रॉक लॉजिस्टिक'बद्दल खास इशारा: तिथे 'क्लास'मधले गट न सांगितल्यास संदर्भगटाशी तोलले जात नाहीत, सर्व गटांच्या मध्याशी तोलले जातात. नेहमीचा अर्थ हवा असेल तर 'पॅराम'पुढे 'रेफ' लिहा. याच कोडिंगनं 'प्लँटग्रोथ' बघितला तर इंटरसेप्ट ५.०७३ येतो, म्हणजे तिन्ही सरासऱ्यांची सरासरी, आणि कंट्रोल −०.०४१, उपचार १ −०.४१२, उपचार २ +०.४५३. आकडे वेगळे, मॉडेल तेच.

नव्या डेटावर अंदाज काढताना गटांची यादी जुन्या डेटाचीच हवी. नवा गट आला तर आर थांबतं आणि तसं सांगतं. पायथनमध्ये नव्या डेटावर 'गेट डमीज' वेगळं चालवलं तर रकान्यांची संख्याच बदलू शकते. तिथे सायकिट-लर्नचं 'वनहॉटएन्कोडर' एकदा जुन्या डेटावर बसवून तेच पुढे वापरा.

पायरी १०: तक्ता मांडणं

अहवालात संदर्भगटाची ओळ गाळू नका. ती ठेवा आणि सहगुणकाच्या जागी 'संदर्भ' लिहा. प्रत्येक गटापुढे नोंदींची संख्या द्या, सहगुणकासोबत ९५ टक्के विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटर्व्हल) द्या, आणि व्हेरिएबलच्या नावासमोर एकत्र चाचणीची पी-व्हॅल्यू एकदाच द्या. मजकुरातलं वाक्य असं काहीसं होईल: 'वाळलेल्या वजनात तीन गटांमध्ये फरक आढळला, एफ (२, २७) = ४.८५, पी = ०.०१६. उपचार २ मधल्या रोपांचं सरासरी वजन उपचार १ पेक्षा ०.८६५ नं जास्त होतं (टकी-दुरुस्त पी = ०.०१२). कोणताही एक उपचार कंट्रोलपेक्षा वेगळा आहे असं ठरवण्याइतका पुरावा या ३० रोपांमध्ये मिळाला नाही.' तक्त्याखाली सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि वापरलेलं कोडिंग लिहा, म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यालाही तुमचे आकडे तपासता येतील.